फोन विसरला, पण गाडी विसरली नव्हती

सेकंडहँड गाडी घेतली. चालवायला छान, एसी उत्तम, पण आठवडा झाला तरी माझा फोन काही तिच्याशी जुळेना. मी ऑफिसातून निघाले की आईचा फोन येतो, रोजच. गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही हे माझं पक्कं आहे. त्यामुळे रिंग वाजत राहायची, मी गाडी बाजूला घेईपर्यंत बंद पडायची आणि तिकडे आईच्या जिवाला घोर. शेवटी एका रविवारी ठरवलं, आज ब्लूटूथ लावूनच घरात जायचं.

गाडी मोकळ्या जागेत उभी केली आणि हँडब्रेक ओढला. बऱ्याच गाड्या धावत असताना नवा फोन जोडूच देत नाहीत, तो पर्याय राखाडी होऊन बसतो. सिग्नलला थांबल्या थांबल्या मी दोनदा प्रयत्न केला होता, तो अर्धवट राहण्याचं हेही एक कारण होतं. हे काम निवांत उभं राहूनच करायचं आहे.

फोनचं ब्लूटूथ चालू होतं, तरी गाडीला फोन दिसत नव्हता. इथे मला एक गोष्ट कळली: ब्लूटूथ चालू असणं वेगळं आणि नव्या उपकरणाला दिसणं वेगळं. फोनच्या सेटिंगमधलं ब्लूटूथचं पान उघडं ठेवलं, तेव्हा कुठे गाडीच्या यादीत माझ्या फोनचं नाव उमटलं. मी त्यावर बोट ठेवलं आणि स्क्रीनवर आलं की यादी भरली आहे, आधीचा एखादा फोन काढा.

यादी उघडली. पाच फोन होते, पाचही माझ्या ओळखीचे नव्हते. 'बाबांचा फोन' असंही एक नाव होतं. त्यावर टेकवलं तर त्या फोनमधले कॉन्टॅक्टही गाडीने साठवून ठेवलेले दिसले. कुणाच्या तरी घरातलं कपाट चुकून उघडलं जावं तसं वाटलं. मी पुढे काही न बघता पाचही नोंदी पुसल्या. गाडी विकताना आपण कागदपत्रं बघतो, डिकी रिकामी करतो, सीटखाली हात घालून बघतो, पण हे राहून जातं. कृपा करून राहू देऊ नका. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये फॅक्टरी रीसेट बहुतेक वेळा असतोच, तो एकदा करून मगच किल्ली द्या.

आता जोडणी सुरू झाली. गाडीच्या स्क्रीनवर सहा आकडे आले, फोनवरही सहा आकडे आले. पूर्वीच्या गाड्यांत ०००० किंवा १२३४ असा ठरलेला पिन घालावा लागायचा. २००७ साली ब्लूटूथची २.१ आवृत्ती आली, तेव्हापासून दोन्ही उपकरणं हा आकडा त्या त्या वेळी स्वतः तयार करतात. आपण फक्त दोन्हीकडे तोच आहे ना, हे बघायचं. मधे तिसरं कुणी उपकरण घुसलेलं नाही याची खात्री त्यातून होते. म्हणून न वाचता 'ओके' दाबणं मला पटत नाही. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, जुळले, मग दाबलं.

गाणी लागली! सगळं झालं असं वाटलं. संध्याकाळी आईचा फोन आला आणि तो हँडबॅगेतच वाजला. गाडीत गाणं थांबलं, पण फोन काही गाडीत आला नाही.

घरी येऊन शांतपणे बघितलं तेव्हा उलगडा झाला. गाणी आणि फोन या गाडीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वाटा आहेत. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाची ठरलेली पद्धत असते, तिला प्रोफाइल म्हणतात. गाण्यांचा आवाज एटूडीपी नावाच्या प्रोफाइलने जातो, बोलणं एचएफपीने, म्हणजे हँड्सफ्री प्रोफाइलने आणि कॉन्टॅक्टची यादी पीबीएपी नावाच्या तिसऱ्या प्रोफाइलने. जोडताना गाडीने विचारलं होतं, हा फोन कशासाठी वापरायचा? मी संगीताच्या चिन्हावर बोट ठेवलं होतं, फोनच्या चिन्हावर नाही. आणि फोनने कॉन्टॅक्ट द्यायची परवानगी मागितली, तेव्हा मी 'नको' म्हटलं होतं. फोनवर गाडीच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह उघडलं की बहुतेक अँड्रॉइड फोनांत 'कॉल', 'मीडिया' आणि 'कॉन्टॅक्ट' अशी तीन बटणं दिसतात. तीच बघायची होती.

मला मात्र तेव्हा ती सुचली नाहीत. मी सगळं नव्याने करायचं ठरवलं आणि फोनवरून गाडी 'विसरा' केली. तिथून खरा घोळ सुरू झाला. पुन्हा जोडायला गेले की 'चुकीचा पिन किंवा पासकी'. फोन बंद करून सुरू केला, गाडी बंद करून सुरू केली, तरी तेच. आकडे तर नव्याने विचारलेच जात नव्हते, मग चूक कुठला पिन होता?

कारण असं की पहिल्यांदा जोडताना दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की तुम्हाला काही न विचारता फोन जोडला जातो, तो याच किल्लीमुळे. मी फोनकडची किल्ली टाकून दिली होती. गाडीकडे ती तशीच होती आणि गाडी तीच मागत होती. काही गाड्या जुनी नोंद आपणहून बदलतात, माझी बदलत नव्हती. अर्धा तास मी फोनच्याच बाजूने झगडत होते आणि अडचण समोरच्या डॅशबोर्डात होती.

गाडीच्या यादीत गेले, माझा फोन पुसला. फोनमध्येही गाडीचं नाव उरलं नाही ना, ते बघितलं. इंजिन बंद केलं, दार उघडलं, लॉक करून दोन मिनिटं थांबले, कारण किल्ली फिरवली तरी काही गाड्यांची स्क्रीन दार उघडेपर्यंत जागीच असते. परत सुरू केली. सहा आकडे आले, जुळले. या वेळी फोन आणि संगीत दोन्ही निवडलं, कॉन्टॅक्टला 'हो' म्हटलं. मिनिटभरात गाडीच्या स्क्रीनवर नावं उतरू लागली, मराठीत लिहिलेलीसुद्धा.

पहिला फोन मीच लावला, आईला. ती म्हणाली, "अगं, विहिरीतून बोलतेयस का?" आणि मला तिचा आवाज जेमतेम. कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळा ठरवलेला असतो आणि तो कॉल चालू असतानाच वाढवावा लागतो. मी गाडी उभी असतानाच स्टिअरिंगवरचं बटण दाबत गेले, तिचा आवाज हळूहळू भरला.

तिची तक्रार मात्र तशीच. मग छताकडे बघितलं. आतल्या दिव्याशेजारी बारीक भोकांची जाळी होती, माइक तिथे, आणि एसीचा झोत थेट तिच्यावर. मी मधल्या व्हेंटची पट्टी खाली वळवली, पंखा एका आकड्याने कमी केला.

"आता?"

"आता कशी शेजारी बसल्यासारखी," आई म्हणाली. "निघालीस का?"