बाण कुठे बघतोय

फोटोत लोकेशन सेव्ह होतं हे आता शेंबड्या पोरालाही माहितीये, पण काढणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं हेही फोन गुपचूप लिहून ठेवतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. शून्य म्हणजे उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, असा एक आकडा फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच लपलेली माहिती) जाऊन बसतो. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात ते) फोटोसोबत ही दिशा टाकता येते, मॅपिलरीवर (स्वीडनमध्ये २०१३ला सुरू झालं, २०२०मध्ये फेसबुकने घेतलं) लोकांनी टाकलेले रस्त्यांचे फोटो दिशेसकट दिसतात. मग नकाशावर नुसते ठिपके राहत नाहीत, बाण होतात, आणि रात्री जेवणं झाली की मी ते बाण बघत बसतो, घरचे म्हणतात झोप आता.

शनिवारवाडाच घ्या ना. दिल्ली दरवाजा उत्तरेला, त्यामुळे पब्लिक सगळं पुढच्या पटांगणात उभं आणि सगळ्यांची तोंडं दक्षिणेला, १७०, १८०, १९०, एकाला एक लागून. वर नगारखान्यात चढलेले तेवढे उलटे, पटांगणाकडे बघणारे. मागच्या नारायण दरवाज्याकडे मात्र सामसूम. १७७३चा तो खून, 'काका मला वाचवा', हे पाहुण्यांना रंगवून सांगणार आपणच, पण नारायण दरवाजा कुठल्या बाजूला असं विचारलं तर निम्मे पुणेकर गप्प. (उरलेले निम्मे चुकीचं पण ठासून सांगतील.)

पर्वतीवर वेगळी मजा. तिथून सिंहगड साधारण २१३ अंशांवर, सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर, आणि शनिवारवाडा जवळजवळ उलट्या बाजूला, २०च्या आसपास. कुणाच्या धुरकट फोटोत लांब टॉवरवाला डोंगर दिसला आणि हा सिंहगडच का अशी शंका आली की बाणाच्या रेषेत नकाशावर सरळ पट्टी लावायची, वाद मिटला.

अर्थात फोनच्या होकायंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कव्हरला चुंबक असेल किंवा लोखंडी रेलिंगला टेकून काढला असेल तर सिंहगडाचा फोटो खुशाल खडकीकडे तोंड करून बसतो. फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवला की बराच सुधारतो, आजूबाजूचे बघतात, बघू देत. आणि व्हॉट्सअपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो असेल तर विषयच संपला, लोकेशन नाही आणि दिशाही नाही.

माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे वेताळ टेकडीचे सूर्यास्त. सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेपुरतं, पुण्यात तो डिसेंबरअखेर २४५ अंशांवर जातो आणि जूनअखेर २९५वर, म्हणजे तारीख झाकली तरी सूर्य मधोमध धरलेला असेल तर बाणावरून ऋतूचा अंदाज बांधता येतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये घोळ होतो कारण दोन्हीकडे २७०, तिथे गवत हिरवं की वाळलेलं ते बघायचं. २९५चा बाण मात्र शोधूनही सापडत नाही, जूनअखेरीला पुण्यात सूर्य दिसतोय कुठे.