डेकच्या आत लपलेली पट्टी

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, काम बहुतेक केमिकल आणि फार्मा प्लँटचं, टाक्या, फ्लँज, पाइपिंग वगैरे. समुद्र म्हणजे आम्हाला कंबोईचा चिखल आणि भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ एवढाच माहीत. तरी ओळखीतून मुंबईच्या एका शेठनी त्यांच्या ४५ फुटी शिडाच्या बोटीच्या चेनप्लेट बघायला बोलावलं. मास्टला, म्हणजे डोलकाठीला, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या जाड तारा असतात ना, श्राउड, त्या खाली ज्या स्टीलच्या पट्टीला अडकवतात ती चेनप्लेट. ती डेकमधून आत जाते आणि आत बोल्टनी बसते, वाऱ्याचा सगळा ताण शेवटी तिच्यावर.

वरून पट्ट्या एकदम चकचकीत. शेठ म्हणाले, "भाऊ, ३१६ स्टेनलेस आहे, गंजत नाही." अहो पण गंजते! स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो, डेकच्या भोकातलं सीलंट सुटलं की खारं पाणी तिथेच साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, थर एकदा तुटला की परत धरत नाही आणि क्लोराइड आतल्या आत धातू खात राहतं. प्लँटमध्ये गॅस्केटखाली हेच बघत आलोय. ३१६ मधलं २-३ टक्के मॉलिब्डेनम हे लांबवतं, थांबवत नाही. म्हणून सगळ्या पट्ट्या बाहेर काढायला लावल्या. तडा शोधायला लाल डाय मारला, थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर, आणि डावीकडच्या मुख्य पट्टीवर, बरोबर डेकच्या जाडीत झाकल्या जाणाऱ्या जागी, केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तडा. शेठ बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सगळ्या पट्ट्या नव्या केल्या, कडा आरशासारख्या पॉलिश केल्या कारण खरखरीत जागीच हा रोग आधी धरतो. बसवून झाल्यावर शेठ म्हणाले आता तुम्हीपण चला हर्णेपर्यंत.

साधारण ७० नॉटिकल मैल, डिसेंबर, संध्याकाळी निघालो. कंबरेला हार्नेस, त्याचा हुक डेकवरच्या पट्ट्याला, स्किपरची सक्त ताकीद की रात्री हुक काढायचा नाही. खांदेरीचा दिवा डावीकडे ठेवून दक्षिणेला वळलो. मधेमधे मच्छीमारांच्या जाळ्यांचे लुकलुकणारे दिवे, ते चुकवायला एक माणूस सतत पुढे उभा. संध्याकाळचा वारा वायव्येकडून, म्हणजे आमच्या उजवीकडून, ताण सगळा उजव्या तारांवर, डाव्या सैल. पण हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून सुटतो, मध्यरात्रीनंतर तसाच फिरला, स्किपरनी मोठं शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं आणि डाव्या तारा टणक झाल्या. मी लगेच टॉर्च घेऊन खाली गेलो, पट्टीवर हात ठेवून बसलो, बोट कलली की स्टीलमध्ये ताण चढतो तो हाताला कळत होता, ती जुनी पट्टी असती तर नक्की याच वेळी सगळा भार तिच्यावर आला असता आणि मास्टखाली आम्ही सगळे होतो. आवाज नाही, ओल नाही. पहाटेपर्यंत मी तिथून हललो नाही.

सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर पडल्यावर सगळे नट परत पान्याने तपासले. पावसाळ्यात बोट वर काढली की डावी मुख्य पट्टी पुन्हा उघडायची असं शेठशी ठरलंय, डाय मी बडोद्याहून घेऊन जाणार आहे.