घरी कधी कळावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या समलिंगी किंवा ट्रान्स मुलामुलींची पहिली धास्ती बहुतेक वेळा एकच असते: घरी कळेल का? कायदा त्यांच्या बाजूने आहे. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यापीठातल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो. फी भारतातून बाबा भरत असले, तरी तेवढ्यावरून त्यांना त्या नोंदी मागता येत नाहीत.

बातमी फुटते ती बारीकसारीक जागांतून. फी भरायला सोपं जावं म्हणून आपल्या पोर्टलचा पासवर्डच घरी दिलेला असतो आणि एके दिवशी बिलात हेल्थ सेंटरची ओळ दिसते. त्याऐवजी घरच्यांसाठी फक्त पैसे भरण्यापुरतं वेगळं लॉगिन काढावं आणि हेल्थ सेंटरचे पैसे तिथेच कार्डाने देता येतात का, ते विचारावं. विमा कंपनीही प्रत्येक उपचाराचा हिशेब पाठवते. कायमचा पत्ता म्हणून पुण्या-नाशिकचा पत्ता दिला असेल, तर तो बदलून कागद ऑनलाइन मागवावेत.

नाव बदलायची सोय बऱ्याच विद्यापीठांत आहे. 'प्रिफर्ड नेम' भरलं की हजेरीपटावर, कॅनव्हास या अभ्यासक्रमाच्या वेबसाइटवर तेच येतं. आय-२० या व्हिसासाठीच्या विद्यापीठाच्या दाखल्यावर आणि पगाराच्या कागदांवर मात्र पासपोर्टवरचंच नाव राहतं. गोची होते ती ईमेलमध्ये: आईला पाठवलेल्या साध्या मेलवरही नवं नाव झळकू शकतं. म्हणून नाव कुठे कुठे दिसेल, पदवीदान समारंभात कोणतं पुकारतील, हे रजिस्ट्रारकडे आधी नीट विचारावं.

मन मोकळं करताना समोर कोण आहे, ते पाहावं. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली, तर बहुतेक विद्यापीठांत प्राध्यापकांना आणि वसतिगृहाच्या आरएला (तिथली देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला) ती पोटात ठेवायची मुभा नसते. लैंगिक भेदभाव आणि छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या टायटल नाइन कार्यालयाला कळवावंच लागतं. समुपदेशक आणि डॉक्टर गुप्तता पाळतात. समुपदेशकाचा परवाना मात्र सहसा त्या राज्यापुरता असतो. सुट्टीत भारतात गेल्यावर, नेमक्या अवघड दिवसांत, ऑनलाइन सत्रं थांबतात. तेव्हा कोणाशी बोलायचं, ते निघण्याआधीच ठरवून ठेवावं.

काही विद्यापीठांत समलिंगी आणि ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र असतं. मिशिगन विद्यापीठातलं असं केंद्र १९७१ पासूनचं आहे. पण सगळीकडे तसं नाही. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून आणि यूटात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांमुळे सरकारी विद्यापीठांतली अशी केंद्रं बंद झाली. हे वाईट झालं, यात आम्हाला शंका नाही. अर्ज करताना जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये. केंद्राला मेल करून पाहावं, उत्तर येतं का.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे घर. आपली मुलं व्हॉट्सॲप ग्रुपवर रूममेट शोधतात आणि चौघं मिळून दोन बेडरूमचं घर घेतात. लीज, म्हणजे भाडेकरार, संयुक्त असेल, तर भाड्याची जबाबदारी चौघांवर मिळून आणि प्रत्येकावर पूर्ण असते. रूममेटना कळलं, टोमणे सुरू झाले, राहणं अशक्य झालं, तरी घर सोडून गेलेल्याकडून घरमालक भाडं मागू शकतो. प्रत्येकाची वेगळी लीज असेल, तर आपण आपल्या खोलीपुरतेच बांधलेले राहतो आणि खोली बदलून मागायलाही जागा असते. थोडं भाडं जास्त पडलं तरी पहिल्या वर्षी तीच घ्यावी.