बुडापेस्ट: पुतळ्यांआधी स्मशान बघा

बुडापेस्टला जाणारी आपली मंडळी डॅन्यूबवरची बोट आणि गरम पाण्याचे हौद उरकून व्हिएन्नाची गाडी धरतात. मी हट्टाने एक अख्खा दिवस रशियाच्या पंखाखालच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध झालेल्या १९५६ च्या उठावासाठी ठेवला. क्रम मात्र चुकला.

सुरुवात केली मेमेंटो पार्कपासून. चार नंबरच्या मेट्रोने शेवटचं केलेनफोल्ड स्टेशन, तिथून १५० नंबरची बस. मी गप्पांच्या नादात एक स्टॉप आधीच उतरलो आणि उन्हात तंगडतोड झाली, तेव्हा नकाशा चालू ठेवा. आत सावली नाही. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर शहरातून उचललेले लेनिन-मार्क्स इथे उभे आहेत. एका उंच चौथऱ्यावर नुसते बूट दिसतात. २३ ऑक्टोबर १९५६ ला लोकांनी स्टालिनचा पुतळा पाडला तेव्हा तेवढेच उरले होते, त्यांची ही प्रतिकृती. सगळे हसत फोटो काढतात. आम्हीही काढला.

दुपारी आन्द्राशी रस्त्यावरचं ६० नंबरचं घर, ‘हाउस ऑफ टेरर’ हे संग्रहालय. सोमवारी बंद, आत फोटो काढू देत नाहीत. आधी हंगेरियन नाझींचा अड्डा, नंतर कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांचं मुख्यालय. घराच्या आतल्या चौकात रणगाडा, त्यामागे भिंतभर बळींचे चेहरे. तळघरात नेणारी लिफ्ट मुद्दाम अगदी संथ ठेवली आहे आणि उतरताना पडद्यावरचा माणूस फाशी कशी देत ते शांतपणे सांगत असतो. हिने माझा दंड घट्ट धरला तो खाली पोचेपर्यंत सोडला नाही. नाझी काळाला जागा फारच कमी दिली आहे, हे मला खटकलं.

कोशुत चौकात संसदेसमोर शेतीखात्याची इमारत आहे. तिच्या भिंतीतले धातूचे गोळे हात लावून बघा. २५ ऑक्टोबरला चौकात जमलेल्या लोकांवर झालेल्या गोळीबाराची ती आठवण.

आणि सगळ्यात शेवटी, थकलेल्या पायांनी, नवं स्मशान. ब्लाहा लुइझा चौकातून २८ नंबरची ट्राम. ३०१ नंबरचा भाग पार मागच्या कोपऱ्यात, गेटपासून अर्धा तास तरी चालायची तयारी ठेवा. पंतप्रधान इम्रे नॉज यांनी १ नोव्हेंबरला हंगेरी वॉर्सा करारातून, म्हणजे रशियाच्या लष्करी गटातून, बाहेर पडल्याचं जाहीर केलं. ४ तारखेला पहाटे रशियन रणगाडे शहरात. नॉज युगोस्लाव्ह वकिलातीत शिरले. केसालाही धक्का लागणार नाही असं लेखी आश्वासन मिळाल्यावर २२ तारखेला बाहेर आले, ते थेट रशियनांच्या हातात. १६ जून १९५८ ला फाशी. पुढे इथे पुरलं तेही पालथं, थडग्यावर नाव नाही. बरोबर ३१ वर्षांनी त्याच तारखेला लाखोंच्या साक्षीने पुन्हा दफन झालं. आता तिथे कोरीव लाकडी खांबांच्या रांगा आहेत, आणि आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

तिथल्या बाकावर आपलंही आठवलं. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत मोकळ्या निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत टाकलं होतं. दोन्ही गटांपासून लांब राहायचं म्हणणाऱ्या देशाने! त्याच सुमारास सुएझ कालव्यावरून ब्रिटन-फ्रान्स-इस्रायलने इजिप्तवर केलेल्या हल्ल्यावर आपण लगेच बोललो होतो.

म्हणून सांगतो, सकाळी ताज्या पायांनी आधी इथे या आणि पुतळे दुपारी बघा. बुटांखालचा फोटो मग काढावासा वाटला तर काढा. पाणी ट्राममध्ये बसण्याआधीच घ्या, स्मशानात दुकान दिसलं नाही.