लोणारच्या काठावर २१ एमएम लावू नका: रेंजफाइंडर घेऊन जाणाऱ्यांसाठी

लोणारच्या काठावर उभं राहून २१ एमएमच्या, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सनं काढलेला फोटो कसा दिसतो ते आधीच सांगतो. वर आभाळ, खाली झुडपं आणि मधोमध एक हिरवी फीत. ती फीत म्हणजे सरोवर. यासाठी लाखोंची लेन्स भाड्यानं घेऊन कुणी बुलढाणा जिल्ह्यात येणार असेल तर त्यानं येऊ नये. तीच लेन्स घेऊन विवरात उतरायची तयारी असेल, तिथल्या पडक्या देवळांत शिरायचं असेल, तर मात्र जरूर यावं. दुसऱ्या कुठल्याही लेन्सनं तिथं जमणार नाही असं काम ती करते.

भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानं मला फोनवर दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. पहिली, "अख्खं सरोवर एका फ्रेममध्ये येतं दादा, आमचे किती गिऱ्हाईक काढून आले." दुसरी, "एम१० ला लाइव्ह व्ह्यू आहे, वेगळा फाइंडर कशाला घेता?" एम१० म्हणजे लायकाचा रेंजफाइंडर कॅमेरा, ज्यात लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघतात. लाइव्ह व्ह्यू म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि वेगळा फाइंडर म्हणजे फ्रेम बघायला वर बसवायची काच. पहिली गोष्ट खोटी निघाली आणि दुसरीचा तिथं उपयोग झाला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या गोष्टीचा हिशेब कागदावर करता येतो. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, पाण्याचा साधारण १.२ किलोमीटर आणि काठापासून पाणी सव्वाशे-दीडशे मीटर खाली. पूर्ण फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) २१ एमएम आडवं धरलं की सुमारे ८१ अंश दिसतात. काठावरून पाण्याची रुंदीही जवळपास तेवढीच किंवा किंचित जास्त भरते. म्हणजे डावं-उजवं टोक येईल-न येईल अशा बेतात. पण उभ्या दिशेनं लेन्स ६० अंश पाहते आणि पाणी त्यातले जेमतेम १८ अंश व्यापतं. उरलेली जागा कशानं भरणार? कॅमेरा खाली झुकवला तर आभाळ जातं, पण कडेची झाडं बाहेरच्या बाजूला कललेली दिसतात. काठावर चहा विकणारा माणूस माझी खटपट बघून म्हणाला, "येवढा महागाचा कॅमेरा आणला भाऊ, पण इथून मोबाइलनंच बरं येते, असा फिरवत फिरवत." त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. काठावरून मोबाइलचा पॅनोरमा काढा, नाहीतर ५० एमएम लावून समोरचा काठ आणि पाण्याची कड एवढंच घ्या. २१ पिशवीत राहू द्या.

आता फाइंडर. ज्यांनी रेंजफाइंडर वापरलाय त्यांना हे माहीत आहे, पण जे एसएलआरवरून (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यावरून) आलेत त्यांच्यासाठी सांगतो. लायका एम१० च्या खिडकीत सर्वांत रुंद फ्रेमलाइन, म्हणजे फोटोची हद्द दाखवणारी चौकट, २८ एमएमची. २१ चं चित्र त्या खिडकीच्या बाहेरपर्यंत पसरतं, त्यामुळे कडेला काय येतंय ते खिडकीतून कळतच नाही. शिवाय लेन्सवर हूड (कडेचं ऊन अडवणारी कड) लावला की खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो. राहिला मागचा स्क्रीन. नोव्हेंबरातही सकाळी दहानंतर वऱ्हाडातल्या उन्हात त्यावर स्वतःचा चेहरा दिसतो, चित्र दिसत नाही. आणि लाइव्ह व्ह्यू सतत चालू ठेवला की बॅटरी झपाट्यानं उतरते. एम१० ची बॅटरी ११०० एमएएचची आहे, आधीच्या एम२४० मधली १८०० ची होती. बॉडी सडपातळ केली त्याची किंमत इथं मोजावी लागते. दोन बॅटऱ्यांवर दिवस निघेल असं समजू नका, तीन ठेवा.

माझ्यासोबत असलेल्या मित्राकडे फिल्मचा एम६ होता आणि त्याच्या पिशवीत २१ चा ऑप्टिकल फाइंडर होता, फ्लॅशच्या खाचेत सरकवून बसवायचा. त्यानं तो मला दिला, म्हणून पुढचं सगळं झालं. फाइंडर वेगळा घ्याच. भाडं वेगळं लावतात, तरी घ्या. आणि निघण्यापूर्वी त्याच्या पायाला चिकटपट्टीचा एक तुकडा लावून तो खाचेत घट्ट बसवा, वर दोऱ्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधा. का ते आता सांगतो.

विवरात उतरायला धार नावाच्या झऱ्याजवळून वाट आहे. उतरणं सोपं आहे, त्यावर शब्द घालवत नाही. खाली कमळजादेवीच्या देवळापर्यंतही चालणं ठीक. त्यापुढे काठाकाठानं रामगयेच्या देवळाकडे जी वाट म्हणून दाखवतात, ती वाट नाही. पाणी वाढलं की काठाची मोकळी पट्टी बुडते आणि माणसाला वेड्या बाभळीच्या रानातून जावं लागतं. फांद्या बरोबर छातीच्या आणि चेहऱ्याच्या उंचीवर. काटे लांब, टोकदार, शर्टातून आत जाणारे. पायाखाली काळा, चिकट, खारट चिखल, आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास. ट्रायपॉड रोवला तर तो रोवलेला राहतच नाही, बुडत जातो. मी तो निम्म्या वाटेत मिटवून पाठीला बांधला आणि परत येईपर्यंत सोडला नाही. तुम्ही खाली नेऊच नका.

याच पट्ट्यात एका फांदीनं फाइंडर खाचेतून उडवला. कुठं पडला ते कळलं नाही, आवाजही आला नाही. त्या काट्यांत वाकून, गुडघे टेकून, पाला उचकत आम्ही शोधत राहिलो. ऊन वर येत होतं, विवराच्या वाटीत वारा अजिबात नाही, आणि आपल्या मालकीची नसलेली वस्तू हरवल्यावर डोकं कसं चालेनासं होतं ते ज्याच्या हातून हरवलंय त्यालाच कळतं. मित्र एक शब्द बोलला नाही, त्यानं आणखीच जीव कासावीस झाला. वाट दाखवायला आलेला गावातला पोरगा शेवटी बाभळीच्या बुंध्याशी पोटावर पालथा झाला आणि हात लांब करून म्हणाला, "हे तुमचं व्हय काय भाऊ?" त्या पोराला ठरलेल्या पैशांच्या दुप्पट दिले आणि तेही कमीच वाटले. वाटाड्याशिवाय त्या रानात जाऊ नका. पैसे उतरण्याआधी ठरवा, खाली गेल्यावर नाही.

एवढं सोसून रामगयेच्या देवळात शिरलो आणि पहिल्याच मिनिटाला सगळा राग उतरला. मंडप ठेंगणा, खांब एकमेकांपासून हाताच्या अंतरावर, मागं सरकायला जागा नाही. इथं ३५ लावली तर एक खांब आणि अर्धा दरवाजा मिळतो. २१ लावली की डोक्यावरची दगडी तुळई, दोन्ही बाजूंचे खांब, समोरचा गाभारा आणि दारातून आत आलेली उन्हाची पट्टी, सगळं जागच्या जागी येतं. आपण त्या देवळाच्या आत आहोत हे फोटोत कळतं. मी तिथं मोठ्यानं ओरडलो, खरंच ओरडलो. या लेन्सचा जन्म अशाच जागांसाठी झालाय, उंचावरून दिसणाऱ्या देखाव्यांसाठी नाही, हे मला तिथं पटलं.

अशा ठिकाणी फोकसच्या ठिपक्याच्या (खिडकीच्या मधोमध दोन प्रतिमा जुळवायच्या त्या जागेच्या) मागं लागू नका. अंधारात तो दिसत नाही आणि या लेन्सला त्याची फारशी गरजही नाही. एफ/५.६ ठेवून फोकस सुमारे २.६ मीटरवर लावला की साधारण १.३ मीटरपासून अनंतापर्यंत चालतं. एफ/८ ला १.८ मीटरवर लावा, ०.९ पासून पुढचं सगळं मिळतं. पण हे आकडे फिल्मच्या काळातल्या मोजमापाचे आहेत. २४ मेगापिक्सेलवर पूर्ण मोठं करून बघणार असाल तर लेन्सवरच्या खुणांवर एक स्टॉप कमी भरवसा ठेवा, म्हणजे एफ/८ ला एफ/५.६ ची खूण धरा. फोकस ०.७ मीटरच्या आत येत नाही, तेव्हा खांबाला नाक लावून उभे राहू नका. वरचा फाइंडर लेन्सच्या वर बसलेला असतो, त्यामुळे जवळच्या वस्तूचा वरचा भाग फोटोत कापला जातो. मीटरभर अंतरावर काम करताना जे फाइंडरमध्ये दिसतं त्याच्यापेक्षा कॅमेरा थोडा वर उचला. आणि कॅमेरा सपाट धरा. दोन अंश झुकला तरी खांब पडायला आल्यासारखे दिसतात.

उजेडाचं मोजमाप हा दुसरा त्रास. एम१० मध्ये साध्या पद्धतीनं मीटर शटरच्या पडद्यावरून परतलेला उजेड मोजतो, मध्यभागाला झुकतं माप देऊन. २१ च्या फ्रेममध्ये आभाळ शिरलं की काळा बेसॉल्ट आणखी काळा होतो. ऑटोवर असाल तर कॅमेरा जमिनीकडे वळवून बटण अर्धं दाबा, मग फ्रेम लावा. मी भर उन्हात सरळ हातानं लावून ठेवलं: आयएसओ २००, एफ/८, १/१०००. आभाळ टिकतं, सावल्या घरी उचलता येतात. उलटं होत नाही, एकदा पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही.

परत चढणं हा दिवसाचा सर्वांत वाईट भाग. उतरताना वाटाड्या म्हणालाच होता, "आता खाली जाता, मंग वर याले जीव निंगते." सकाळी उजाडतं तेव्हा उतरा आणि दहाच्या आत वर या. माणशी दोन लिटर पाणी, खाली काही मिळत नाही. आम्ही शोधाशोधीपायी भर बारा वाजता चढलो आणि त्या दिवशी संध्याकाळी माझ्यानं कॅमेरा उचलवला नाही.

दुसऱ्या दिवशी लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर. बाहेरच्या भिंतींवर शिल्पं भरगच्च आहेत, त्यांना २१ नको. जवळ गेलात की मूर्ती ताणल्या जातात, लांब गेलात की बारीक होतात. तिथं ५० लावा. आतला मंडप मात्र २१ चा. छताच्या शिल्पांसाठी कॅमेरा पाठीवर जमिनीवर ठेवा, लेन्स सरळ वर, एफ/५.६, टायमर लावा आणि बाजूला व्हा. चौकट अशी सरळ येते की हातात धरून कधीच येणार नाही. पुढं फिल्टर असेल तर आत जाताना काढून ठेवा, ट्यूबलाइटची भुतं उमटतात. रेंजफाइंडरला आरसा नसल्यामुळे हातात धरून १/१५ सहज निघतो, त्यामुळे आयएसओ फार चढवायची गरज पडत नाही. आत लोक दर्शनाला येतात, जमिनीवर कॅमेरा मांडण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजीराव जाधवांची समाधी पाहिली. दिवस छान गेला.

परतीच्या वाटेवरच्या एका गावात आठवडी बाजार लागला, तिथं मात्र थांबलोच. एफ/८, दीड मीटर, साधारण ०.८ ते ८ मीटर सगळं फोकसमध्ये. डोळ्याला लावून वेळ काढायचा नाही. मिरच्यांचं पोतं पुढ्यात, बसलेली बाई मध्ये, मागं गर्दी. माणसाचा चेहरा कडेला येऊ देऊ नका, तो पसरतो आणि त्या माणसाला फोटो दाखवायला आपल्यालाच लाज वाटते. विचारल्याशिवाय काढूही नका. मला एका आजींनी ठणकावलं, "आधी भाजी घे, मंग फोटो काढजो." वांगी घेतली, फोटो मिळाला.

जुनी बॉडी नेणाऱ्यांसाठी दोन ओळी. एम८ चा सेन्सर लहान आहे, त्यावर २१ ची २८ होते, म्हणजे देवळातला सगळा फायदा गेला. शिवाय तो इन्फ्रारेडही टिपतो, समोर यूव्ही-आयआर फिल्टर नसेल तर काळं सिंथेटिक कापड जांभळट येतं. एम९ पूर्ण फ्रेमचा आहे, पण मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येणाऱ्या जुन्या सममित रचनेच्या २१ लेन्सचा उजेड त्याच्या कडांवर फार तिरका पडतो आणि आभाळाच्या एका कडेला लालसर छटा येते. सुपर-एल्मार २१ एफ/३.४ ची रचना वेगळी आहे, तिला हा त्रास फारसा नाही. लेन्सवर सहा खुणांचा कोड असेल तर कॅमेरा कडांची दुरुस्ती स्वतः करतो. नसेल तर मेनूत जवळची लेन्स हातानं निवडा.

जाण्यासाठी नागपूरहून समृद्धीनं मेहकरला उतरा, तिथून लोणार जवळ आहे. लेन्स भाड्यानं घेताना "अख्खं सरोवर येतं" म्हणणाऱ्याला त्या गिऱ्हाइकांचे फोटो दाखवायला सांगा. आणि परत करण्याआधी हूडच्या आट्यांत अडकलेला विवरातला चिखल नखानं किंवा कोरड्या ब्रशनं खरवडू नका. पाणी अल्कधर्मी आहे, वाळल्यावर त्याचे कण कचकच करतात आणि रंगावर ओरखडे उठतात. ओल्या फडक्यानं भिजवा, सुटू द्या, मग पुसा. माझ्या मित्राच्या फाइंडरच्या पायातून तो काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या.