अपडेट: बुडबुडाच बरोबर होता

मंडळी, तीन आठवडे गायब होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, आता आहे. घरी पाणी आणि नळ्यांचं रक्ताभिसरणाचं मॉडेल करतोय, हाताने दाबायचा बल्ब म्हणजे हृदय आणि ड्रिपच्या बारीक नळ्या म्हणजे केशवाहिन्या. गेल्या वेळी लिहिलं होतं ना, केशवाहिन्यांच्या टोकाला प्रवाह झटके देतोय, बल्ब दाबला की सहाही ड्रिपच्या नळ्यांतून चिळकांडी, सोडला की ठणठण गोपाळ. शरीरात केशवाहिनीत रक्त हळू पण सलग सरकत राहतं, मग माझ्याकडेच काय बिनसलंय?

वॉल्व्ह बदलले, बल्ब भराभर दाबून पाहिला, रोलर क्लॅम्प आवळले (ह्या आपल्या धमनिका, म्हणजे केशवाहिन्यांआधीच्या बारीक धमन्या, जरासं फिरवलं तरी प्रवाह ढासळतो, त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर, ते हाताला कळतं राव). आणि दर वेळी सुरू करायच्या आधी पाइपातली हवा इमानेइतबारे काढायचो.

रविवारी कंटाळून हवा न काढताच सुरू केलं. महाधमनीच्या, म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या मुख्य नळीच्या, कमानीत बोटभर बुडबुडा अडकलेला आणि खाली मगात धार सलग! बुडबुडा काढला, झटके. परत भरला, सलग. चार वेळा केलं, शेवटी बायको म्हणाली ते मोटरसायकलसारखं फुसफुसणं बंद कर आणि झोप.

मग डोक्यात घंटा वाजली. इंग्लिश शास्त्रज्ञ स्टीफन हेल्सने 1733 मध्येच हे सांगितलंय. तेव्हाच्या आगीच्या बंबात हवेची टाकी असायची, दांडा दाबला की हवा दबायची आणि मधल्या वेळात तीच पाणी ढकलायची, धार तुटायची नाही. महाधमनीत हवा नाही पण भिंतीत इलास्टिन नावाचं लवचिक प्रथिन आहे, हृदयाचा ठोका पडला की फुगते, झडप मिटली की परत आवळते आणि रक्त पुढे रेटते. आणि मी तिथे कडक पीव्हीसी लावून बसलेलो! (सिलिकॉन म्हणून गळ्यात मारलेला पीव्हीसी, त्या सप्लायरकडे परत जाणार नाही.)

मेडिकलमधून जाड लॅटेक्सची दीड फूट नळी आणली, दुकानदाराने दोनदा विचारलं घरी कोण आजारी आहे. बसवली, हवा पूर्ण काढली, तरी धार सलग. नळीवर बोट ठेवलं तर चक्क नाडी लागली! दाब मोजायला दारावर लावलेल्या उभ्या नळीत पाणी आधी दर वेळी तळाला जायचं, आता 105 ते 150 सेंमीमध्ये डुलतंय. रक्तदाबाचा वरचा आकडा 120 मिमी पारा म्हणजे पाण्याचे साधारण 163 सेंमी, म्हणजे फार लांब नाही.

पुढे शिरांच्या झडपा करणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं, तो पीव्हीसी फेकायचा कशाला? दोन बॉल वॉल्व्ह लावून लॅटेक्स आणि पीव्हीसी शेजारी शेजारी, तरुण महाधमनी आणि म्हातारी. वयाबरोबर भिंत ताठरते, वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, तोच बल्ब दाबून दोन्ही दिसेल. शिरा थांबतील. तसंही ग्लोव्हच्या बोटाची झडप अजून गळतेच आहे, कुणी फुग्याची करून पाहिली असेल तर चिरेची लांबी सांगा.