अक्षर नेमकं कधी उमटतं?

‘साध्या मेम्ब्रेन कीबोर्डवरही तीच अक्षरं उमटतात, मग मेकॅनिकलमध्ये वेगळं काय?’ तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

मेम्ब्रेनमध्ये प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या-खालच्यावर वीजवाहक शाईच्या रेघा, मधल्याला भोकं. बटण दाबलं की त्याखालची रबरी वाटी दबते, वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. म्हणजे बटण जवळपास तळाला जाईपर्यंत काहीच घडत नाही, आणि बोटांना दर वेळी तळ गाठण्याची सवय लागते.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच. आत एक स्प्रिंग, वरखाली सरकणारा स्टेम आणि धातूच्या दोन पट्ट्या. स्टेमचा पाय पट्ट्यांना एकमेकींपासून दूर धरतो. तो खाली सरकला की त्या टेकतात. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड या स्विचमध्ये स्टेम एकूण 4 मिमी खाली जातो, पण अक्षर 2 मिमीवरच उमटतं, तेही सुमारे 45 ग्रॅमच्या जोराने. खरा फायदा या उरलेल्या 2 मिमीत आहे. बोट तिथूनच परत फिरू शकतं.

रेड लिनिअर आहे, म्हणजे वाटेत कुठेही अडत नाही. त्याच मालिकेतल्या ब्राउन स्विचच्या स्टेमच्या पायावर उंचवटा असतो, त्यामुळे अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं. ब्लू स्विचमध्ये स्टेमवर वेगळी सरकती कडी असते, ती टक् वाजते. मात्र ब्लूचं बटण बरंच वर आल्याशिवाय पुन्हा तयार होत नाही. एकच बटण भराभर दाबायचं असेल तर हे जाणवतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने ब्राउनसारखा टॅक्टाइल, म्हणजे बोटाला उंचवटा जाणवणारा, स्विच घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

एकदा दाबून अक्षर दोनदा उमटू लागलं तर घाबरू नका. पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि कीबोर्ड तेवढा वेळ दुर्लक्ष करतो. पट्ट्यांवर धूळ किंवा गंज बसला की थरथर लांबते आणि दुसरं अक्षर निसटतं. कीबोर्डची वायर काढा, कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, उपटा, स्टेम दाबून धरून फटीत थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारा, वीस-तीस वेळा दाबा आणि पूर्ण सुकू द्या. तरीही थांबलं नाही आणि कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच सोल्डर न करता सॉकेटमधून काढता-घालता येत असतील, तर तेवढाच स्विच बदला. नवा बसवताना पिना सरळ आहेत ना, हे आधी पाहा. वाकलेली पिन सॉकेटमध्ये न जाता स्विचखाली दुमडते आणि बटण मुकं राहतं. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या बोर्डात बसवायचा असेल, तर प्लास्टिकचे दोन बारके खुंट नेलकटरने कापले की झालं. धातूच्या पिनांना हात लावू नका.